गडग्याला घासलेलं दार

गाडीवर ओरखडा उठलेला दिसला की माणसं बोट ओलं करून त्यावरून फिरवतात. कुणी थुंकी लावतं, कुणी बाटलीतलं पाणी. ओल आहे तोवर रेघ नाहीशी होते, जिवाला बरं वाटतं, आणि वाळलं की रेघ पुन्हा तिथेच. मग लोक चुकचुकतात आणि बोट पुसून आत जातात. मला ही ओल्या बोटाची परीक्षा फार मोलाची वाटते. पुढे काय करायचं, त्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळून जातं. पाण्याने जी रेघ दिसेनाशी झाली ती वरच्या पारदर्शक थरातच आहे. पाणी लावूनही जी पांढरी, करडी किंवा काळपट दिसत राहिली ती रंग फाडून खाली उतरली आहे. पहिलीकडे सवडीने बघता येतं. दुसरीकडे, आमच्या कोकणात तरी, सवडीने बघून चालत नाही.

ओरखडा पांढरा दिसतो म्हणजे तिथे पांढरं काही लागलेलं असतं असं नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एका दिशेने परततो. चरा पडला की त्याच्या खडबडीत कडांवरून तो सैरावैरा विखुरतो आणि डोळ्याला पांढरी रेघ दिसते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १, पाण्याचा १.३३ आणि गाडीवरच्या त्या पारदर्शक थराचा, म्हणजे लॅकरचा, साधारण १.५. चऱ्यात हवा असते तेव्हा दोहोंतला फरक मोठा असतो. पाणी भरलं की तो कमी होतो, विखुरणं घटतं आणि रेघ पुसट होते. खोबरेल तेल किंवा बुटाचं पॉलिश चोळून ओरखडा गेल्याचं दाखवणारे व्हिडिओ याच गोष्टीवर चालतात. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, एवढाच फरक. शाम्पूच्या पहिल्या धुण्यात रेघ परत येते.

दुसरी परीक्षा नखाची. नख रेघेवरून आडवं ओढलं आणि ते कुठेही अडकलं नाही, तर पॉलिशने रेघ जाण्याची चांगली आशा असते. अडकलं, तर काम वेगळं.

आमच्या दारात या दोन्ही जातींचे ओरखडे एकाच गाडीवर, एकाच बाजूला आले. आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. वाडीकडे येणारा रस्ता दोन गडग्यांच्या मधून येतो. जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचलेले, मध्ये ना सिमेंट ना चुना, वरून पावसाळ्यात उगवलेलं शेवाळ आणि नेचे. गडग्याच्या डोक्यावरून करवंदीच्या जाळ्या रस्त्यावर ओणवलेल्या. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की एकाने मागे जायचं, नाहीतर दोघांनी अंग चोरून एकमेकांना वाट द्यायची. गेल्या गणपतीत समोरून आलेल्या टेम्पोला अशीच वाट देताना आमच्या गाडीचं डावं मागचं दार गडग्याला घासलं. हॅंडलच्या खाली वीतभर लांब, मधे बोटभर रुंद असा ओरखडा. त्याच्या वर आणि पुढे, दोन्ही डाव्या दारांवर, करवंदीच्या काट्यांनी काढलेल्या बारीक रेघांचं जाळं होतंच.

गाडी गडद राखाडी, मेटॅलिक. अशा रंगावर सगळं दिसतं.

दार धुतलं तेव्हा ओरखड्यात तांबडं दिसलं. एका दिवसात गंज कसा चढला, असं घरात सगळ्यांना वाटलं. तो गंज नव्हता, जांभ्याची भुकटी होती. पण जांभ्याचा तांबडेपणा कुठून येतो? लोहाच्या ऑक्साईडमधून. गंजही लोहाचं ऑक्साईडच, पाणी धरून बसलेलं. फाटकाला आणि खिडकीच्या गजांना आपण जो रेड ऑक्साईड प्रायमर मारतो, त्याचा रंगही तिथूनच. एकाच कुळातली ही तीन तांबडी माणसं एकमेकांशी किती वेगळी वागतात, हे त्या दाराशी बसून मला पहिल्यांदा नीट समजलं. जांभ्यातलं ऑक्साईड जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे, ते आता निवांत आहे. प्रायमरमधलं ऑक्साईड रंग धरून ठेवणाऱ्या बंधकात घट्ट बसलेलं असतं आणि त्या थरासह पत्र्यावर बसून हवापाणी अडवतं. गंज मात्र पत्र्यातूनच जन्माला येतो, पत्रा खाऊन येतो, आणि येताना जागा मागतो. जेवढं लोखंड गेलं त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याच्या गंजाला लागते. ती जागा तो रंगाची कड उचलून करून घेतो. कड उचलली की आत पाणी जातं, पाणी गेलं की पुढचा पत्रा. म्हणून ओरखड्याच्या रुंदीवरून गंजाची रुंदी कधी ओळखू नये. वरून सुताएवढी रेघ असते आणि खाली रंगाला रुपयाएवढे फोड आलेले असतात.

आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारा वारा असतो. मिठाचा अंश असलेली ओल साध्या ओलीपेक्षा किती तरी वेगाने लोखंड गंजवते. पुण्यातल्या एखाद्या पार्किंगमध्ये उघडा पडलेला पत्रा जेवढे दिवस तग धरेल, तेवढे इथे धरणार नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत जुन्या स्कूटरची पायठेवणी बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

रंगाचे थर माहीत असले की हा सगळा प्रकार डोळ्यासमोर उभा राहतो. खाली पत्रा, जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. कारखान्यात गाडीचा सगळा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग प्रायमरच्या हौदात अख्खाच्या अख्खा बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने प्रायमर कानाकोपऱ्यात, जिथे कुठलाच ब्रश पोचणार नाही अशा बेचक्यांत जाऊन बसतो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), भट्टीत १६० ते १८० अंशांना भाजून पक्का केलेला. गंजापासून खरं रक्षण करतो तो हाच. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा दुसरा प्रायमर, मग १५च्या आसपास रंग आणि सगळ्यात वर ४०च्या आसपास पारदर्शक लॅकर. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढं. ज्याच्यावर भाळून आपण शोरूममध्ये गाडी निवडतो, तो रंगाचा थर या सगळ्यांत पातळ असतो. गडग्याने तो कागद मधोमध फाडला होता. करवंदीने त्यावर नुसती नखं ओढली होती.

आमच्या ओळखीच्या पेंटरला दार दाखवलं. वयस्कर माणूस, उभा जन्म गॅरेजात गेलेला. वाकून त्याने अंगठ्याने चरा चाचपला आणि म्हणाला, "ताई, करायचं तर अख्खं दार मारायला लागेल. मधेच मारलं तर ठिगळ दिसतं." त्याचं बरोबर होतं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म चकत्यांसारखे कण असतात. फवाऱ्याने मारलं की ते बऱ्यापैकी आडवे, सपाट बसतात आणि प्रकाश एकसारखा परततो. ब्रशने लावलं की वाट्टेल तसे तिरके बसतात. रंग तोच, क्रमांक तोच, तरी तेवढाच तुकडा गडद दिसतो. म्हणून गॅरेजवाले पूर्ण पॅनल रंगवतात, आणि चांगला कारागीर तर शेजारच्या पॅनलवरही रंगाची कड विरवत नेतो.

घरात विम्याचा विषय निघाला. हिशेब मांडला तो असा: दावा न करता पहिलं वर्ष गेलं की नो क्लेम बोनस २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरची ही सवलत एका दाव्याने शून्यावर येते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात. एका दारासाठी हे परवडत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मी दार घरी करायचं ठरवलं ते पैशासाठी नव्हे. त्या दाराकडे बघताना मला दोन वेगळी दुखणी दिसायला लागली होती. एक डोळ्याचं, दुसरं पत्र्याचं. लोक बहुतेक वेळा डोळ्याचं दुखणं बरं करायला धावतात. बॉनेटवरच्या केसाएवढ्या रेघांवर हजारो रुपये घालतात आणि दाराच्या खालच्या कडेला उघडा पडलेला पत्रा तसाच राहतो, कारण तो उभ्याने दिसत नाही. मला आधी पत्र्याचं बघायचं होतं. राखाडी रंगावर थोडा गडद डाग राहिला असता तर राहिला असता. आत गंज शिरू द्यायचा नव्हता.

अडचण ऋतूची होती. गणपतीत पाऊस असतो, नवरात्रापर्यंत हवेत ओल असते आणि ओल्या हवेत रंग लावणं म्हणजे रंग आणि कष्ट दोन्ही वाया. रंगातलं विद्रावक, म्हणजे त्याला पातळ ठेवणारं द्रव, उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि रंगाला पांढुरकी झाक येते. ती झाक रंगाच्या आत अडकलेली असते, पुसून जात नाही. म्हणून त्या वेळी एवढंच केलं: चरा साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासून जांभ्याचा कण न् कण काढला, दार पूर्ण वाळू दिलं आणि उघड्या पत्र्यावर ग्रीसचं बोट दाबून फिरवलं. दिसायला ते ओंगळ दिसतं. पाणी लागू न देण्याचं काम मात्र चोख करतं. दर धुण्यानंतर तपासून पुन्हा लावायचं. दिवाळी होऊन सकाळचं गार पडायला लागलं, तोवर ग्रीसने दार राखलं.

मधल्या दिवसांत रंगाची बाटली मागवली. गाडीचा रंग नावाने मागू नये, क्रमांकाने मागावा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर हा क्रमांक असतो, काही गाड्यांच्या पुस्तिकेत तो कुठे शोधायचा ते लिहिलेलं असतं. एकाच कंपनीचे तीन-तीन राखाडी रंग असतात आणि डब्याच्या झाकणावर तिन्ही सारखेच दिसतात. बाटली आली की आधी एखाद्या पत्र्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून, उन्हात दाराशेजारी धरून बघायचं. ट्यूबलाइटखाली बघून खात्री होत नाही.

आधी करवंदीच्या रेघा घेतल्या, कारण त्यात काही बिघडण्यासारखं कमी होतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा लॅकर ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी आपण त्या चाळीस मायक्रॉनांतले काही खर्च करत असतो. लॅकरमध्ये उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं असतात. थर फार पातळ झाला की काही वर्षांनी ऊन रंगापर्यंत पोचतं, आणि मग टपावर, बॉनेटवर ते पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, जे कुठल्याच पॉलिशने बरे होत नाहीत. दरवर्षी हौसेने मशीन पॉलिश करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. टूथपेस्टचा उपायही याच जातीचा. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटसारखी बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे अगदी उथळ रेघा पुसट होतात. पण ती दातांसाठी बनवलेली असते. गाडीसाठी साधं रबिंग कंपाऊंड मिळतं, ते स्वस्तही आहे आणि त्याचा दाणा ठरावीक असतो.

ज्या रेघांवर नख अडकत नव्हतं, त्यांना मी पॉलिश पेपर लावलाच नाही. दार धुतलं, सावलीत वाळवलं, मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाऊंड घेतलं आणि हातभर जागेवर आडवं-उभं चोळलं. मग पुसायचं, तिरक्या उजेडात बघायचं, लागलं तर पुन्हा. बहुतेक रेघा गेल्या. चार-दोन अर्धवट राहिल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. पूर्ण घालवायला गेले असते तर तेवढ्या जागचा लॅकर निम्म्यावर आला असता, आणि करवंदी काही यंदापुरतीच नाही.

एक गोष्ट मधेच सांगते. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर हेच करायला गेलो, तर फडक्यावर रंग उतरला. घाबरायचं कारण नव्हतं. साध्या, मेटॅलिक नसलेल्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या काही गाड्यांवर वेगळा लॅकर नसतो. रंग आणि चमक एकाच थरात असतात. त्यांचं घासताना रंग निघणारच. हे आधी ओळखायचं असेल तर दिसत नसलेल्या कोपऱ्यात थोडं कंपाऊंड चोळून बघावं. पांढऱ्या गाडीसाठी फडकं गडद घ्यावं, नाहीतर उतरलेला रंग दिसणार नाही.

मग गडग्याचा ओरखडा. दंव वाळून गेलेलं, ऊन चढलेलं पण दार सावलीत, पत्रा हाताला गार, अशी वेळ साधली. तापलेल्या पत्र्यावर रंग लावताक्षणी वरून वाळतो आणि खाली ओला राहतो. सगळ्यात आधी ग्रीस काढलं. नुसत्या साबणाने ते जात नाही. साबणाचं पाणी, मग स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड, मग कोरडं कापड, आणि हे पुन्हा. ग्रीसचा किंवा वॅक्सचा अंश राहिला तर रंग त्या जागेपासून मागे सरतो आणि बारीक खळगे पडतात. पेंटर लोक त्याला डोळे पडले म्हणतात. पेट्रोलने पुसण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडून द्यावी. पेट्रोल मागे तेलकट अंश ठेवतं, आणि घराच्या दारात उघड्या पेट्रोलशी खेळूही नये.

ओरखड्याच्या मागच्या टोकाला, ग्रीस असूनही, गंजाचा एक ठिपका होता. टाचणीच्या डोक्याएवढा. चारशे नंबरच्या पेपरची बारीक घडी करून तो उगाळला तेव्हा रंगाची कड आणखी थोडी सुटली, आणि खाली तांबडं आणखी पुढे गेलेलं सापडलं. चांगला दिसणारा रंग आपल्याच हाताने उखडायला मन घेत नाही. पण सुटलेली कड ठेवून वर नवा रंग लावला तर आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. जिथपर्यंत तांबडं होतं तिथपर्यंत गेले. चकचकीत पत्रा दिसला तेव्हाच थांबले. पत्र्यावरच्या सूक्ष्म खळग्यांत उरलेल्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक मिळतं, ते काडीने लावलं. ते गंजाचं लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि जागा काळपट होते. हातमोजे घालून लावायचं, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं आणि पुसून टाकायचं.

उघड्या पत्र्यावर थेट रंग कधीच लावू नये. रंगाला पत्र्यावर नीट पकड मिळत नाही आणि तो पाणीही पुरतं अडवत नाही. ते काम प्रायमरचं. राखाडी प्रायमर चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशने फक्त पत्र्यावर आणि कडेवर लावला, दोन पातळ हात. रुंद जागी जिथे खड्डा जाणवत होता तिथे प्रायमरवर जराशी पुट्टी भरून, वाळल्यावर पेपरने सपाट केली आणि पुन्हा प्रायमर. मग रंग. बाटली खूप वेळ हलवायची, कारण मेटॅलिक कण तळाशी बसलेले असतात. ब्रश ओढत न्यायचा नाही, थेंब टेकवून सोडायचा, तो आपोआप पसरतो. एक हात, थांबणं, दुसरा हात, थांबणं.

हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, आणि माणसाला तेच जमत नाही. बाटलीतला हा रंग विद्रावक उडून वाळणारा असतो. एका जाड हातात खड्डा भरून टाकला तर वर कातडी धरते आणि खालचं विद्रावक अडकतं. आठवड्यांनी ते बाहेर पडतं तेव्हा जागा खपाटीला जाते. मोटारींच्या इतिहासात वाळण्याचा हा प्रश्न किती मोठा होता ते वाचलं की नवल वाटतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एक गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. फोर्डच्या मॉडेल टीला अनेक वर्षं काळाच रंग मिळे, त्यात तो काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत झटपट वाळणारा असणं हे मोठं कारण होतं. मग ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, १९२४ सालच्या ओकलँड गाड्यांवर ते निळ्या रंगात झळकलं, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडच्या गॅरेजांतून ज्याला अजून एनसी रंग म्हणतात तो त्याच घराण्यातला. इतका खटाटोप करून माणसाने वाळण्याचा वेळ कमी केला. आपल्याला दोन हातांमध्ये तासभर थांबायचं आहे, तेवढं करावं.

रंग कडेच्या किंचित वर आला तेव्हा थांबले, वरून पारदर्शकाचे पातळ हात दिले आणि दाराला आठवडाभर हात लावला नाही. नंतर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर भिजत घालून, खोडरबराभोवती गुंडाळून, शाम्पूचा थेंब टाकलेल्या पाण्याने फक्त वर आलेला उंचवटा उतरवला. बोटाने पेपर धरला तर बोटांच्या मधे दाब कमी-जास्त होतो आणि लाटा पडतात, म्हणून खोडरबर. जागा धुरकट झाली. ती तशी होणारच असते. कंपाऊंडने घासल्यावर चमक परत आली.

डाग दिसतो का? दिसतो. दुपारच्या उन्हात, बाजूने बघितलं तर वीतभर जागा जरा गडद दिसते. पेंटरला दाखवलं. त्याने पुन्हा अंगठा फिरवला, या वेळी तो कुठे अडला नाही. म्हणाला, "दिसायला सोडा, पण आत पाणी जाणार नाही." माझ्या मते कामाची याहून नेमकी पारख होऊ शकत नव्हती.

याच पेंटरमुळे मी एका गोष्टीला घरी हात लावला नाही, आणि कुणी लावू नये असं मला मनापासून वाटतं. गॅरेजमध्ये जो पक्का, हार्डनर घालून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, लॅकर असतो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारताना त्याचे बारीक कण श्वासावाटे आत जातात. त्यातून दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येऊ शकतो. हल्ली तो लॅकर डब्यातून, बुडाची कळ दाबून वापरण्याच्या स्प्रेमध्येही मिळतो आणि लोक बंद पार्किंगमध्ये तोंडाला रुमाल बांधून मारतात. रुमालाने धूळ अडते, हे अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारी बूथ, एवढी तयारी त्याला लागते. आमच्या पेंटरच्या पिढीने हे काम रुमालावर केलं. बोलताना त्याला मधे थांबून श्वास घ्यावा लागतो. गॅरेज निवडताना आपण रंग किती जुळला ते बघतो. आत काम करणाऱ्याच्या तोंडावर काय आहे तेही बघायला हवं, आणि ज्याने ती सोय केली आहे त्याने चार पैसे जास्त मागितले तर खळखळ न करता द्यायला हवेत.

बंपरवरचे ओरखडे मी तसेच सोडले आहेत. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज नाही. तिथे फक्त डोळ्याचं दुखणं आहे, आणि ते मला सोसतं.

नवे ओरखडे येऊ नयेत म्हणून करण्यासारखं बरंच असतं आणि ते साधं असतं. धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसायची नाही; धुळीतली वाळू लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असते आणि प्रत्येक फेऱ्यात ती फडक्याखाली रेघ ओढते. आधी पाणी सोडायचं. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळू द्यायची नाही, ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या लॅकरमध्ये खड्डा करते. ओलं कापड ठेवून, मऊ करून उचलायची. दसऱ्याला हार घालायचा तर तारेचा नको, दोऱ्यात ओवलेला घ्यावा. झेंडूच्या हाराची ती बारीक तार वाऱ्याने दिवसभर बॉनेटवर घासत असते, आणि पूजा केलेल्या गाडीच्या कपाळावर कोयरीसारखी वळणं उमटतात. करवंदीसाठी वाडीतली माणसं गणपतीच्या आधी कोयत्या घेऊन रस्ता मोकळा करतात, त्यात आता मीही जाते. मुळासकट काढायची नाही, उन्हाळ्यात करवंदं हवीत. रस्त्यावर आलेल्या फांद्याच फक्त छाटायच्या.

दाराशी इतके दिवस खाली बसून काम केल्यामुळे एक गोष्ट दिसली, जी उभ्याने कधीच दिसली नसती. दाराच्या अगदी खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडतं. आमच्या त्या दाराची दोन भोकं जांभ्याच्या चिखलाने आणि कुजलेल्या पानांनी गच्च बुजलेली होती. म्हणजे मी बाहेरून पाणी अडवायला धडपडत होते आणि आत ते साचून होतं. लाकडी काडीने ती मोकळी केली, तेव्हा तांबडं पाणी ओघळून आलं. बोटावर घेऊन चोळलं. दाणेदार लागलं, पापुद्रे नव्हते. जांभाच होता, गंज अजून नव्हता. लगेच बाकीच्या तीन दारांखाली टॉर्च घेऊन बघितलं, पुढच्या डाव्या दाराचंही एक भोक बुजलेलं निघालं. लोखंडी तार घालायची नाही, आतला प्रायमर खरवडला जातो. काडी किंवा प्लास्टिकची केबल टाय पुरते. शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीची भोकंही त्याच दुपारी बघून घेतली.